दफनभूमी सुधारू नका!

दिवाळी अंकात दफनभूमी! शीर्षक वाचूनच काही वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी "सणासुदीचं हे काय अभद्र वाचता?" म्हणून अंक मिटून ठेवण्याचा सल्लाही दिला असेल. त्या वडीलधाऱ्यांना माझा आदरपूर्वक नमस्कार. पण दिवाळीला मृत्यूचे वावडे आहे हा समज अलीकडचा आहे, आपल्या जुन्या दिवाळीला तो ठाऊक नव्हता. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून आपण दिवा ठेवतो, तो कोणासाठी? यमासाठी. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तर्पण सांगितले आहे, ते कोणाचे? यमाचे. आणि ज्या भाऊबीजेला बहिणीच्या हातचे जेवून आपण तृप्त होतो, तिचे पंचांगातले नाव काय? यमद्वितीया. एवढ्याशा सणात तीन दिवस यमराज आपल्या घरी पाहुणे असतात. कारीट फोडल्याशिवाय ज्या सणाचा फराळ सुरू होत नाही, त्या सणाच्या अंकात थोडे कडू बोललेले चालते, असे धरून मी पुढे लिहितो.

मला बोलायचे आहे ते शरद ऋतूत शहरातल्या दफनभूमीत उतरणाऱ्या पाखरांविषयी, आणि त्या दफनभूम्या 'सुधारण्या'चा जो एक नवा हव्यास आपल्याकडे बोकाळला आहे त्याविषयी. माझे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. शहरातल्या जुन्या, झाडीने भरलेल्या दफनभूम्या आहेत तशा राहू द्या. तिथला पाचोळा, तिथला अंधार आणि तिथली शांतता यांना हात लावू नका. हे वाक्य दिसायला साधे आहे. पण ते उच्चारताच चारी बाजूंनी माणसे अंगावर येतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेली कित्येक वर्षे भाद्रपद संपत आला की मी दुर्बीण आणि एक वही घेऊन सकाळी शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत जातो. मुंबईबाहेरच्या वाचकांना शिवडी माहीत असेल ती तेथल्या किल्ल्यामुळे, नाहीतर खाडीच्या चिखलात येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे. १२ जानेवारी २०२४ रोजी न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू खुला झाला, त्याचेही मुंबईकडचे टोक शिवडीलाच आहे. रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो. त्यांना गुलाबी रंग आहे, लांब पाय आहेत, ते हजारोंनी येतात आणि फोटोत छान दिसतात. त्यामुळे त्यांना पाहायला गर्दी लोटते. गर्दीने जावे, पाहावे, माझी तक्रार नाही. पण त्याच शिवडीत थडग्यांवरच्या झाडीत जे पाहुणे उतरतात, त्यांना पाहायला कोणी येत नाही. कारण ते मूठभर असतात, मातकट-हिरवट असतात, आणि एका जागी क्षणभर ठरत नाहीत.

कोण असतात हे पाहुणे? सर्वांत आधी येतो करडा धोबी. पोटाशी पिवळा, पाठीवर राखी, आणि शेपटी सतत वरखाली हलवणारा. पावसाने अजून ओल्या असलेल्या एखाद्या फरशीवर तो तुरुतुरु चालतो आणि किडे टिपतो. हा हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडच्या डोंगरी ओढ्यांवरून आलेला असतो. मुंबईच्या उपनगरातल्या एका बागेत पायात वळे घातलेला असा धोबी पुढच्या वर्षी नेमका त्याच हिरवळीवर परतल्याची हकीकत सलीम अलींनी लिहून ठेवली आहे. त्याच्या मागोमाग येतो हिरवट वटवट्या. वजन सात-आठ ग्रॅम. म्हणजे आपल्या फराळाच्या ताटातली एक शंकरपाळी फार तर! एवढासा जीव हिमालय आणि मध्य आशियाची जंगले सोडून रात्रीमागून रात्री उडत येतो आणि पिंपळाच्या शेंड्याला बसून "चि-विट्, चि-विट्" करीत दिवसभर पाने चाळतो. मग ऑक्टोबरात लाल गळ्याचा माशीमार येतो. याचे घर पूर्व युरोपात आणि रशियाच्या पश्चिम भागात. लाल गळा नराचा. मादी आणि पिल्ले साधी, पण शेपटीच्या दोन्ही अंगांना पांढरे ठिपके दाखवून ती आपली ओळख पटवतात. राखी कोतवाल येतो, हळद्या येतो, एखाद्या वर्षी स्वर्गीय नर्तक आपली लांब रिबिनीसारखी शेपटी घेऊन क्रूसामागून निघून जातो. आणि नशीब फळफळले तर पाचोळ्यात नवरंग दिसतो. पावसाळ्यात आपल्या जंगलांत घरटी करून हा परतीच्या वाटेने दक्षिणेकडे निघालेला असतो, आणि वाटेत एखादा दिवस पानांच्या ढिगात किडे उकरीत काढतो.

यांच्या येण्याची वेळ पाहा. बहुतेक वर्षी पहिल्या पाहुण्यांचे आगमन आणि आपला पितृपक्ष एकाच सुमारास येतात. आपण गच्चीवर पान मांडून एका कावळ्याची वाट पाहत उभे असतो. तो शिवला नाही तर कासावीस होतो, कोणाची कोणती इच्छा राहिली याची घरभर चर्चा करतो. पाखराच्या रूपाने आपले गेलेले माणूस येते, ही कल्पना आपल्या लोकांना मुळीच परकी नाही. मग त्याच दिवसांत हजारो मैलांवरून खरोखरची पाखरे गेलेल्या माणसांच्याच दारी उतरतात, तेव्हा आपले डोळे कोठे असतात?

आता कोणी म्हणेल, पाखरे काय, कुठेही उतरतात. त्यांना दफनभूमीच कशाला हवी? याचे उत्तर स्थलांतराच्या रीतीत आहे. वटवटे, माशीमार, नवरंग ही लहान पाखरे प्रवास करतात तो मुख्यतः रात्री. रात्री हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांची भीती कमी असते, आणि दिशा धरायला तारे असतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही त्यांना जाण असते. पहाट झाली की जिथे असतील तिथे त्यांना खाली यावे लागते, आणि अंगातली चरबी जळून गेलेली असल्यामुळे उतरल्याबरोबर खावे लागते. त्या वेळी पंखांखाली मुंबईसारखे शहर असेल, तर त्या पाखराला वरून काय दिसते? पत्रे, गच्च्या, डांबर. आणि मध्येच कुठे एक काळसर हिरवा ठिपका. तो ठिपका म्हणजे त्याचे अन्नछत्र. त्यात जुनी मोठी झाडे हवीत, कारण जुन्या सालीच्या भेगांत आणि दाट पानांत किडे असतात. खाली न झाडलेला पाचोळा हवा, कारण नवरंगाचे ताट तेच. माणसांची वर्दळ बेताची हवी. आणि रात्री अंधार हवा. मोठ्या शहरात या चारही गोष्टी एकत्र कुठे सापडतात, याचा वाचकांनी आपल्या गावापुरता विचार करून पाहावा. माझ्यापुरते उत्तर ठरलेले आहे. त्या फक्त मेलेल्यांच्या वाट्याला शिल्लक राहिल्या आहेत.

शिवडीची गंमत अशी की, ती जागा मुळात बागच होती. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची वनस्पतींची बाग तिथे होती. ती पुढे भायखळ्याकडे गेली आणि तिची आपण राणीची बाग केली. शिवडीची जमीन १८६०च्या दशकात, आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना, दफनासाठी घेण्यात आली. बोरीबंदरचे भव्य स्थानक ज्याने उभारले तो वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० साली तिथेच विसावला. गोव्यात साळगावला जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा २००२ साली आणि गोव्याचेच वंशज असलेले इंग्रजी कवी डॉम मोराइस २००४ साली तिथल्याच मातीत गेले. त्याच मातीत मुंबईतले असंख्य कारकून, परिचारिका, गिरणीकामगार आणि शाळामास्तर झोपलेले आहेत. बाग गेली, तिची दफनभूमी झाली, आणि सावली मात्र उरली.

अमेरिकेत बोस्टन शहराला लागून असलेल्या केंब्रिज गावी माउंट ऑबर्न म्हणून दफनभूमी आहे. तीही १८३१ साली तिथल्या बागायत-संस्थेच्याच पुढाकाराने झाली. झाडे-वेलींत माणसाला पुरावे, म्हणजे शोक करणाऱ्याला थोडा निवारा मिळेल, ही तिच्यामागची कल्पना. आज तिथे थडग्यांपुढे फुले ठेवणारी माणसे आणि मान वर करून पाखरे पाहणारी माणसे एकाच वाटेने चालतात, आणि कोणाचेच कोणावाचून अडत नाही. वसंतात आणि शरदात तिथे उतरणाऱ्या पाखरांच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या होत आल्या आहेत. तिकडच्या गोष्टींचे आपल्याला फार कौतुक असते. तिकडचा पिझ्झा आपण आणला, 'हॅलोवीन'ची भुतेसुद्धा आणली. तिकडच्या दफनभूमीतली ही रीत तेवढी बोटीत चढवायची राहिली!

आता अशुभाविषयी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खंजनावर, म्हणजे आपल्या धोब्याच्या जातीवर, एक सबंध अध्याय आहे. पावसाळा सरल्यावर खंजन प्रथम कुठे दिसला यावरून वर्षाचे फळ सांगण्याची त्या काळी रीत होती. कमळांत दिसला, गाईंपाशी दिसला, देवळापाशी दिसला तर शुभ. आणि हाडांवर, राखेवर, स्मशानात दिसला तर रोगाचे व मरणाचे भय. वराहमिहिराचे निरीक्षण मी मानतो. दीड हजार वर्षांपूर्वी या माणसाने पाखराच्या पहिल्या आगमनाला एवढे महत्त्व दिले, हे आपल्या आजच्या नगरसुधारकांना लाजवणारे आहे. पण त्याचे फलित मी मानीत नाही. माझे वर्षातले पहिले खंजनदर्शन बहुतेक वेळा स्मशानभूमीतच झाले आहे आणि हा लेख लिहिण्याइतका मी ठणठणीत आहे. शिवाय मी उलट विचारतो: कमळांची तळी बुजवली कोणी? गाई चरायच्या ती कुरणे गेली कुठे? देवळाच्या आवारात चकचकीत फरशी बसवली कोणी? खंजनाला शुभ जागा आपणच शिल्लक ठेवल्या नाहीत, आणि तो अशुभ जागी दिसतो म्हणून त्याला बोल लावायचा! हा न्याय वराहमिहिरानेही मान्य केला नसता.

अर्थात भुताखेतांच्या भीतीचे एक ऋण मी प्रामाणिकपणे मान्य करतो. सह्याद्रीतल्या देवराया कोणी राखल्या? वनखात्याने नव्हे. देवाच्या रानातली काडी मोडली तर देव कोपेल, या धाकाने त्या राहिल्या. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्या भित्र्या श्रद्धेने किती मोलाचे रान सांभाळले होते हे शिकल्या-सवरल्या लोकांच्या ध्यानात आले. शहरातली दफनभूमी ही तशीच भुताने राखलेली देवराई. संध्याकाळी तिच्या कुंपणाजवळून जाताना माणसे रामनाम घेत पाय उचलीत म्हणून तिथली झाडे वाढली. आता भुतांवरचा विश्वास उडाला, चांगले झाले. पण भूत गेले आणि त्याच्या जागी ठेकेदार आला, तर झाडाच्या दृष्टीने भूत बरे होते असेच म्हणावे लागेल.

मृत माणसे आणि पाखरे यांचे नाते आपण एकदा कसे तोडले, याचा दाखला मुंबईतच आहे. मलबार टेकडीवरचे पारशी मंडळींचे डुंगरवाडी हे शहराच्या उरात जपलेले मोठे रान. तिथे शतकानुशतके गिधाडे आपले काम निमूटपणे करीत होती. १९९०च्या दशकात देशभरची गिधाडे पटापट मरू लागली. पुढे शोध लागला की, गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ साली भारतात गुरांसाठी त्या औषधाला बंदी झाली. पण तोपर्यंत आकाश रिकामे झाले होते. एका समाजाचा अंत्यविधीच अडला. गिधाडे मारावीत असे कोणाच्याही मनात नव्हते. गुरे बरी व्हावीत एवढाच सद्हेतू होता. माझा सारा रोख या सद्हेतूवर आहे. पाखरांचा शत्रू क्वचितच खलनायकासारखा येतो. बहुधा तो सुधारणेचा आराखडा काखेत मारून, हसतमुखाने येतो.

दफनभूमीच्या 'सुशोभीकरणा'चा हा आराखडा मी एका शहरात जवळून पाहिला आहे. शहराचे नाव सांगत नाही, कारण नाव सांगितले की बाकीची शहरे सुटली असे मानतात. आधी "कचरा फार साचतो" म्हणून पाचोळा झाडून जाळण्यात आला. मग पायवाटांना पेव्हर ब्लॉक आले आणि ते वाटांवरून पसरत झाडांच्या बुंध्यांपर्यंत गेले. "अंधारात गर्दुल्ले बसतात" म्हणून उंच खांबांवर पांढरे झगझगीत दिवे आले. "फांद्या पडतील" म्हणून झाडांची अशी छाटणी झाली की, चौथऱ्यांवर हात तोडलेले पुतळे उभे असल्यासारखे दिसू लागले. शेवटी दारात रंगीत कमान झाली, तिच्यावर पुढाऱ्यांचे फोटो झाले, आणि उद्घाटनाच्या भाषणात 'स्मार्ट' हा शब्द अकरा वेळा आला, मी मोजला. पुढच्या ऑक्टोबरात तिथे मला कावळे, कबुतरे आणि साळुंक्या दिसल्या. दूरचा पाहुणा एकही नाही.

यातले एकेक कलम तपासून पाहा. पाचोळा हा कचरा नव्हे; ते जमिनीचे पांघरूण आहे, त्यातून किडे होतात आणि किड्यांवर पाखरे जगतात. तो जाळला म्हणजे पाखरांचे ताट जाळले आणि शेजारच्या वस्तीला धूर दिला. बुंध्याला भिडवलेली फरसबंदी झाडाच्या मुळांचा पाणी-वारा तोडते. मग पहिल्या वादळी पावसात झाड आडवे होते आणि आपण म्हणतो, झाडच म्हातारे होते. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतले काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. आणि दिव्यांचे काय? न्यूयॉर्कला ११ सप्टेंबरच्या बळींच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या रात्री ८८ झोतांचे दोन प्रकाशस्तंभ आकाशात सोडतात. हेतू किती उदात्त! पण तीच वेळ पाखरांच्या दक्षिण-प्रवासाची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सात वर्षांतल्या अवघ्या सात रात्रींत सुमारे ११ लाख पाखरांची वाट त्या झोतांनी चुकवली. ती उजेडात येऊन गोल गोल फिरत राहिली आणि थकली. त्याच अभ्यासात असेही दिसले की, दिवे मालवताच काही मिनिटांत पाखरे पांगून आपल्या वाटेला लागतात. आता तिथे फार पाखरे अडकली की वीस-एक मिनिटे दिवे बंद ठेवतात. मृतांच्या स्मारकाचे दिवे पाखरांसाठी मालवण्यात त्या लोकांना मृतांचा अपमान वाटला नाही. आपल्याला मात्र थडग्यावर रात्रभर झोत सोडल्याशिवाय सुधारणा झाल्यासारखी वाटत नाही.

आता विरोधकांचे जे म्हणणे खरोखर वजनदार आहे त्याला उत्तर देतो. पहिले म्हणणे असे: "शहरात पोरांना खेळायला जागा नाही आणि तुम्ही पाखरांचे लाड काय सांगता?" पोरांना जागा नाही हे अगदी खरे, आणि ते लाजिरवाणे आहे. पण पोरांची मैदाने मेलेल्यांनी बळकावलेली नाहीत. ती मंगल कार्यालयांनी, क्लबांनी, वाहनतळांनी आणि मंडपांनी घेतली. त्यांच्याकडून परत मागण्याची हिंमत नाही, म्हणून जे तोंड उघडू शकत नाहीत त्यांच्या उशाशी जाऊन हात पसरायचा, हा कुठला पुरुषार्थ?

दुसरे म्हणणे अधिक गंभीर आहे आणि ते ख्रिस्ती बांधवांकडून येते: "आम्हाला आमची माणसे पुरायलाच जागा अपुरी पडते, एकाच कबरीत काही वर्षांनी दुसऱ्याला जागा द्यावी लागते. तिथे पाखरांचा विचार कसा करू?" यावर माझे उत्तर नम्र आहे. जागा आधी तुमची. पाखरे तुमच्या पदराखालची. दफनाची नवी जागा देणे हे शहराचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी तुमच्याबरोबर ओरडायला मी तयार आहे. पण नवी कबर खणायला झाड पाडावे लागत नाही, आणि पाचोळा राहिल्याने प्रार्थनेत खंड पडत नाही. २ नोव्हेंबरला, ऑल सोल्स डेच्या संध्याकाळी, कुटुंबेच्या कुटुंबे येतात, कबरी धुतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. तो मंद उजेड मी पाहिला आहे. आपल्या पणत्यांची आणि त्या मेणबत्त्यांची जात एकच. त्या उजेडाने कोणत्याही पाखराची वाट चुकत नाही.

तिसरे म्हणणे हुशार लोकांचे: "पाखरांना पंख आहेत. इथे गैरसोय झाली तर ती बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जातील." जातील की! पण तिथली झाडे रिकामी पडली आहेत असे कोणी सांगितले? हिवाळ्यात वटवट्या आपापले झाड धरून राहतो आणि दुसऱ्याला हाकलून लावतो. एका चाळीची माणसे बेघर केली तर ती दुसऱ्या भरलेल्या चाळीत मावतात का? मुंबईकराला हे समजावून सांगायला नको.

विरोधकांचा समाचार घेतल्यावर घरच्यांचाही घेतला पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. पक्षिनिरीक्षक म्हणवून घेणारी एक नवी जमात निघाली आहे. तोफेएवढा कॅमेरा खांद्यावर, खिशात मोबाइल. त्या मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून ते त्याला फसवून पुढे आणतात, थडग्यावर गुडघा टेकून फोटो काढतात, आणि शेजारी एखादी म्हातारी नवऱ्याच्या कबरीपाशी बसली आहे याचे त्यांना भानही नसते. थकलेल्या पाखराला खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला लावणे हा त्याच्या तोंडचा घास काढण्याचा प्रकार आहे. आणि दुःखी माणसासमोर कॅमेरा खडखडवणे याला तर नावच नाही. दफनभूमीत जायचे तर रखवालदाराला विचारून जावे, प्रेतयात्रा आली तर बाजूला उभे राहावे किंवा निघून यावे, कबरीवर पाय देऊ नये, आणि बोलायचेच तर कुजबुजावे. ज्याला हे जमत नाही त्याने चौपाटीवर कबुतरे पाहावीत.

शेवटी, नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून काय करावे तेही सांगतो. महाराष्ट्रात १९७५ सालापासून नागरी भागातल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा आहे आणि २०२१ सालच्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षांचे स्थान मिळाले आहे. प्रत्येक शहराने आपल्या दफनभूम्यांतली आणि स्मशानांतली अशी झाडे आधी मोजावीत. पाचोळा वाटांवरून बाजूला सारावा. झाडांखालचा तसाच ठेवावा. बुंध्यांभोवतीची फरसबंदी काढावी. दिवा हवा तर दारापाशी हवा, पिवळा हवा, आणि त्याचे तोंड जमिनीकडे हवे. सप्टेंबर ते नोव्हेंबर छाटणी बंद ठेवावी. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, उलट वाचतो. कदाचित म्हणूनच त्या कोणाला सुचत नाहीत.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही माझे एक मागणे आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. मराठीला पक्षिकोश देणारे हे ऋषितुल्य गृहस्थ २०२५ साली आपल्यातून गेले. १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, आणि पुष्कळदा दिवाळी याच्या मागेपुढेच असते. तुमच्या गावातल्या जुन्या दफनभूमीच्या भिंतीजवळ त्या दिवसांत सुतळी बॉम्ब लावू नका. तिथे तीन हजार मैल उडून आलेला कोणीतरी रात्री फांदीला चिकटून झोपलेला असतो. आणि एखाद्या सकाळी, फराळ झाल्यावर, पोरांना घेऊन त्या भिंतीपर्यंत जा. आत जायला मन धजत नसेल तर बाहेरच उभे राहा आणि वरच्या पानांकडे पाहा. पोरे विचारतील, "बाबा, हे पाखरू कुठून आलं?" तुम्ही सांगाल, रशियातून. मग ती विचारतील, "इथेच का आलं?"

त्या प्रश्नाला खरे उत्तर द्या. सांगा की, बाळांनो, या गावात जिवंत माणसांनी त्याच्यासाठी जागा ठेवली नाही; ज्यांनी ठेवली ते आत झोपले आहेत. आणि ती जागाही आता सुधारायला निघालेल्यांना आपण सगळ्यांनी मिळून एवढेच सांगायचे आहे: तुमचे पेव्हर ब्लॉक उचला, तुमचे झोत मालवा, आणि आमच्या मेलेल्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांना सुखाने राहू द्या.